सिनेटरांना मी रस्त्यावर काढलं

जुना सोफा टाकून देणं ही काही फार मोठी गोष्ट नाही, अशी माझी गेल्या ऑगस्टपर्यंत समजूत होती. दोघांनी दोन बाजूंनी धरायचा, दारातून तिरका काढायचा, फुटपाथच्या कडेला ठेवायचा आणि हात झटकायचे. माझ्या नवऱ्याने, व्हर्लिनने, मला जन्मात कधी फुलं आणली नाहीत, पण सोफा टाकायचाय म्हटलं की तो जेवणावरून उठायचा. सोफा टाकणं हा संसारातला एक सुखाचा भाग आहे, असंच मी धरून चालले होते. आता कोणी नुसतं सोफ्याकडे बोट दाखवलं तरी मी आधी त्याचं नाव विचारते.

मी रो टाऊ म्यूची हाऊस मदर. रो टाऊ म्यू ही कॉलेजातल्या मुलांची फ्रॅटर्निटी. नाव ग्रीक, पोरं सगळी इंडियानाची, आणि या तीन अक्षरांपलीकडे एकालाही ग्रीकमधलं ओ की ठो येत नाही. मी तिला सरळ मंडळ म्हणते. कारण अध्यक्ष आहे, खजिनदार आहे, वर्गणी आहे, समोरच्या मंडळाशी हाडवैर आहे, आणि कामाला हाक मारली की एकही कार्यकर्ता जागेवर सापडत नाही. अशा मंडळाच्या घरात एक वयस्क बाई असावी, म्हणजे पोरं निदान पँट घालून जेवायला येतात, असा पूर्वापार समज आहे. व्हर्लिन गेल्यावर मी घर विकलं होतं. मुलगी ॲरिझोनात असते. तिच्याकडे कायमचं जाऊन राहावं इतकं आमचं प्रेम नाही. म्हणजे प्रेम आहे, पण ते टिकावं अशी दोघींचीही इच्छा आहे. तेव्हा स्वयंपाकघरामागच्या दोन खोल्या मिळतात म्हटल्यावर मी ही नोकरी घेतली. शाळेच्या हजेरी कचेरीत माझी हयात गेली आहे. खोटी पोटदुखी मी फोनवरून ओळखते. पोरांचं मला काय भय?

मी आले तेव्हा घर रिकामं होतं. पोरं सुट्टीवर. दिवाणखान्यात तो सोफा. रंग कोणे एके काळी हिरवा असावा. वास बिअरचा, कुत्र्याचा आणि मोज्यांचा, आणि घरात कुत्रं तर नव्हतं. मी हात लावून पाहिला आणि तो हात साबणाने धुतला.

समोरच्या घराची हाऊस मदर मार्जीन प्रुइट ओळख करून घ्यायला आली होती. तिच्या हातात लिंबाच्या जेलीत गाजर घातलेलं सॅलड होतं. तिने सोफा पाहिला आणि नाकाला रुमाल लावला.

"लॉर्ना, अगं टाक तो आधी. पहिल्याच दिवशी धाक बसवला नाहीस तर पोरं डोक्यावर मिऱ्या वाटतील. मी तर माझ्या घरातला टाकला सुद्धा."

तिने कुठलाही सोफा टाकला नव्हता, हे मला नंतर कळलं. पण तेव्हा दोघींनी मिळून तो दारातून तिरका काढला, कडेला ठेवला, हात झटकले. दुसऱ्या दिवशी मी छानसा बदामी रंगाचा सोफा आणवला, त्यावर दोन उशा ठेवल्या, आणि आपण किती कर्तबगार बाई आहोत, असा विचार करत चहा प्यायले.

मग पोरं आली. सगळ्यात आधी अध्यक्ष, गॅरेट ऑस्टरहोल्ट. सहा फुटी देह, खांद्यावर मळक्या कपड्यांची पिशवी. दारातच त्याच्या हातून पिशवी पडली.

"मॉम," तो हळूच म्हणाला, "सिनेटर कुठे गेले?"

कोणी मोठा माणूस भेटायला येणार होता आणि मला कोणी सांगितलं नाही, असं वाटून मी आधी केस सारखे केले.

"कोण सिनेटर?"

"इथे होते. या जागी. हिरवे."

सोफ्याचं नाव सिनेटर! का, तर वर्षानुवर्षं एकाच जागी बसून असतात, काही करत नाहीत, आणि त्यांना कोणी हलवू शकत नाही. मी हलवले होते. पोरं एकेक करून येत गेली आणि बदामी सोफ्याभोवती टोप्या काढून उभी राहिली. माझ्या घरी व्हर्लिनच्या वेळी सुद्धा लोक इतके गंभीर नव्हते.

गॅरेटने मला स्वयंपाकघरात बसवून समजावलं. मुलगा मोठा गुणी, आवाज चढवत नाही, त्यामुळे आपल्यालाच जास्त लाज वाटते. सिनेटरांवर फक्त शपथ घेतलेल्याने बसायचं. नवा उमेदवार वर्षभर बाजूच्या सतरंजीवर बसतो. ऑक्टोबरात होमकमिंगच्या, म्हणजे कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या, शनिवारी जुने सदस्य येतात, त्यातले सगळ्यात वयोवृद्ध आधी सिनेटरांवर बसतात, मग उमेदवारांना एकेक करून बसवतात, आणि शपथ होते. सिनेटर नाहीत तर शपथ नाही. शपथ नाही तर नवे सदस्य नाहीत.

"मग सोफ्यावर हात ठेवून घ्या की शपथ. हा नवा काय वाईट आहे?"

"नाही चालत, मॉम."

"का?"

"ते सांगता येत नाही. गुप्त आहे."

शाळेत मी भल्याभल्यांकडून काढून घेतलं आहे. त्यालाही मी तसंच, चष्म्यावरून पाहिलं. पोरगं लाल झालं, पण फुटलं नाही.

"आणि मॉम," तो खाली बघत म्हणाला, "यंदा आमच्या निम्म्या खोल्या रिकाम्या आहेत. नवी मुलं आत आली नाहीत तर मेमध्ये मिस्टर टिड्रो घराला कुलूप लावणार आहेत."

हारलन टिड्रो म्हणजे जुन्या सदस्यांच्या समितीचे प्रमुख. घर समितीचं, आणि समिती म्हणजे टिड्रो. वय ब्याऐंशी, धान्याच्या कोठारांचा धंदा, आणि होमकमिंगला सिनेटरांवर पहिलं बूड टेकायचा मान त्यांचाच. घराला कुलूप म्हणजे माझ्या दोन खोल्यांना कुलूप. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. त्या रात्री मला ॲरिझोनाची स्वप्नं पडली.

सिनेटर कुठे गेले ते सापडायला मात्र वेळ लागला नाही. सकाळी पडदा सरकवला तर समोर, मार्जीनच्या ओसरीवर! त्यावर तिच्या मंडळातली चार पोरं पाय पसरून कॉर्नफ्लेक्स खात होती.

मी तशीच रस्ता ओलांडून गेले.

"मार्जीन! हा काय प्रकार?"

"अगं मला काय माहीत? पोरांनी उचलून आणला. पोरंच ती."

"तू परवाच नाकाला रुमाल लावलास ना?"

"माझ्या नाकाचं काय, पोरांना आवडला. आणि कडेला ठेवलेली वस्तू ज्याने उचलली त्याची, हा या गल्लीचा रिवाज आहे. तू नवी आहेस म्हणून सांगते."

सोफा परत द्यायला समोरच्या मंडळाने अट घातली. रविवारी दुपारी आमच्या सगळ्या मंडळाने त्यांच्या अंगणात उभं राहून गाणी म्हणायची, हाऊस मदरसकट, रात्रीच्या कपड्यांत. म्हणजे भर दुपारी, चर्च सुटण्याच्या वेळेला. मी चर्चच्या कॉयरमध्ये आहे. पाद्रीबाबा मला ओळखतात. पण दोन खोल्यांचा प्रश्न होता. मी माझा फ्लॅनेलचा गाऊन गळ्यापर्यंत बंद केला, त्यावर कोट घातला, कोटावर ब्रोच लावला, आणि पोरांच्या मधोमध उभी राहिले. माझा आवाज खालच्या पट्टीचा आहे. पोरांना सूर नव्हता, तेव्हा सगळा भार माझ्यावर पडला. रस्त्यावर गाड्या थांबल्या. पाद्रीबाबांनी हॅट काढली. मार्जीन ओसरीवर खुर्ची टाकून ताल धरत होती, तो सुद्धा चुकीचा.

तिसरं गाणं अर्ध्यावर आलं आणि नगरपालिकेचा ट्रक येऊन थांबला.

आमच्या गावात कायदा आहे, गादीचा सोफा उघड्या ओसरीवर ठेवायचा नाही. पूर्वी फुटबॉलचा सामना जिंकला की पोरं आनंदाने सोफे जाळायची, हरला की दुःखाने जाळायची. त्यावरचा हा उपाय. ट्रकमधून ड्वेन फेस्लर उतरला. गोल चेहऱ्याचा, कंबरेला टेप लावलेला, कायद्याचा एकनिष्ठ माणूस. त्याने सोफ्याची लांबी मोजली. ती का मोजायची ते मला अजून कळलेलं नाही. मग त्याने सिनेटरांना ट्रकवर चढवलं.

"साहेब, आमचं गाणं पुरं होऊ द्या हो," गॅरेट कळवळून म्हणाला.

"म्हणा की," ड्वेन म्हणाला. "गाण्यावर बंदी नाही."

सोमवारी मी आणि गॅरेट पालिकेच्या आवारात. जप्तीचा सोफा सोडवायला मालकाने यावं लागतं.

"मालक कोण?" ड्वेनने विचारलं.

"आम्ही."

"मग रस्त्यावर कोणी टाकला?"

"मी," मी म्हटलं.

"म्हणजे तुम्ही मालकी सोडलीत. तेव्हा मालक समोरचे."

"मग समोरच्यांना बोलावू का?"

"ते म्हणतात आमचा नाहीच. ओसरीवर सोफा ठेवल्याचा ठपका नको ना त्यांना." ड्वेन समाधानाने मागे रेलला. "बेवारस झाला की हो तुमचा सोफा."

मी हजेरी कचेरीतली असून असल्या कचेरीपुढे हात टेकायची वेळ माझ्यावर आली. पण गॅरेट उठला, आवारात गेला, आणि त्याने सिनेटरांना उताणं केलं. खालच्या लाकडावर चाकूने कोरलेली नावंच नावं. दर वर्षीच्या पोरांची, एकात एक घुसलेली. कोपऱ्यात अगदी वळणदार: एच. टिड्रो. ड्वेन गुडघ्यांवर बसून वाचत राहिला.

"लाकूड तुमचं," तो शेवटी म्हणाला. "पण कापड आणि गादी आवाराबाहेर जाणार नाही. ढेकणांचा नियम आहे."

"ढेकूण आहेत का त्यात?"

"ते बघितलेलं नाही. नियम आहे."

तर अशा रीतीने सिनेटर घरी आले ते कातडं सोललेल्या अवस्थेत. नुसता सांगाडा आणि त्यावर गंजक्या स्प्रिंगा. मध्ये उजवीकडे एक स्प्रिंग वाकडी होऊन फणा काढून उभी. आणि पालिकेचे कागद पुरे होईतो होमकमिंग आठवड्यावर आलेलं.

होमकमिंगला प्रत्येक मंडळाचा मिरवणुकीत चित्ररथ असतो. तो करायची पद्धत अशी, की कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी वाकवून आकार करायचा, आणि जाळीच्या एकेका भोकात पतंगी कागदाचा चौकोन बोटाने खुपसायचा. हजारो भोकं असतात. बोटांची सालं निघतात. यंदा आमच्या पोरांनी अवाढव्य मक्याचं कणीस केलं होतं. मी जेवणघरात चिलीचं, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्शाचं, भांडं घेऊन आले, पोरं भोकं भरत होती, पलीकडे सिनेटरांचा सांगाडा होता, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला.

"गॅरेट," मी म्हटलं, "कणसाच्या पानांचा हिरवा किती आहे?"

पोरांनी माझ्याकडे पाहिलं. मग सांगाड्याकडे. मग एकदम कल्ला झाला. दोन दिवस घरात कोणी पुस्तकाला हात लावला नाही (एरवीही लावत नाहीत, पण आता कारण होतं). स्प्रिंगांवर फळी ठोकली, वर जाळी बसवली. हिरव्यात तपकिरी मिसळून असा काही मळकट रंग साधला, की मला पुन्हा हात धुवावेसे वाटले. माझी दहाही बोटं हिरवी झाली आणि मी इतकी हसले की बरगड्या दुखल्या. व्हर्लिन गेल्यापासून तशी हसले नव्हते. फक्त कणसाला पानं उरली नाहीत. मिरवणुकीत ते सगळ्यांना केळं वाटलं आणि आरोग्यदायी आहाराचं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

शनिवारी टिड्रो आले. उंच, कोरडे, करड्या सुटात. मी दिवे मंद केले होते. सगळे श्वास रोखून उभे. टिड्रो वळले आणि बसले. कुरकुर, कुरकुर असा आवाज झाला, वाळल्या पाल्यात बैल बसावा तसा. ते बसून राहिले. जरा उजवीकडे सरकले. पुन्हा कुरकुर. जरा डावीकडे सरकले. कशाची तरी वाट पाहावी तसे थांबले. मग गॅरेटकडे पाहून म्हणाले, "आज माझी पाठ बरी नाही. शपथ एप्रिलात घेऊ. संस्थापक दिनाला."

आणि उठले. त्यांच्या करड्या पँटच्या मागे हिरव्या-तपकिरी चौकोनांचा गुच्छ चिकटला होता. सांगणार कोण? ब्याऐंशी वर्षांच्या प्रतिष्ठित गृहस्थाच्या मागच्या बाजूवरून ज्या बाईची त्याच्याशी नुकतीच ओळख झाली आहे तिने हात फिरवावा, असा शिष्टाचार कुठल्याही पुस्तकात नाही. ते तसेच सामन्याला गेले. मार्जीनने तिच्या खिडकीतून पाहिलं, आणि नंतर मुद्दाम सॅलड घेऊन विचारायला आली.

"आता संपलं," गॅरेट म्हणाला. "त्यांना कळलंय."

"कळलं तर बोलले का नाहीत?"

"मॉम, ते धान्याचे व्यापारी आहेत. ते आधी कधीच बोलत नाहीत."

माणूस बुडायला लागला की शिकवणीला जातो. मी हायस्कुलात प्रौढांसाठी चालणाऱ्या सोफे मढवायच्या वर्गात नाव घातलं. एप्रिलात सिनेटर खरे उभे करायचे, मग कुलूप लागायचं तर लागो. आता सल्ल्यांना काय तोटा? मार्जीनने बिबट्याच्या ठिपक्यांचं कापड आणून दिलं. पाद्रीबाबांनी चर्चच्या पडद्यांची जांभळी मखमल देऊ केली. खजिनदार पोराचं म्हणणं, प्लास्टिक घाला, पुसता येतं. मला तोच जुना रंग हवा होता, आणि त्या रंगाला कुठल्याच दुकानात नाव नव्हतं. शेवटी साधं हिरवं कापड घेतलं आणि पोरांना म्हटलं, मळवायचं तुमच्याकडे लागलं.

नाताळात सगळी पोरं घरी गेली. बाहेर बर्फ, आत मी आणि सिनेटर. तोंडात खिळे धरून मी पट्टे ताणत बसायचे. घर इतकं शांत की फ्रीजचा आवाज यायचा. मला ती पोरं हवी होती. त्यांचे जिन्यात पडलेले बूट हवे होते. मी स्वतःशीच मोठ्याने म्हटलं, "लॉर्ना, तुला ही कार्टी आवडायला लागली आहेत," आणि उगाच डोळे पुसले. नाताळच्या दिवशी गॅरेटचा फोन आला.

"मॉम, सिनेटर कसे आहेत?"

"पट्टे बसले. अजून अशक्तपणा आहे."

"आणि तुम्ही?"

मी म्हटलं, बरी आहे. पण त्याने विचारलं हे मला फार लागलं, चांगल्या अर्थाने.

मार्चमध्ये त्या वाकड्या स्प्रिंगेची पाळी आली. ती ठोकून सरळ करावी म्हणून मी हातोडा उचलला, तोच गॅरेट धावत आला.

"मॉम, नको!" त्याच्या मागे आणखी पाच-सहा जण. एकाच्या तोंडाला दाढीचा फेस. "तिला हात लावू नका!"

"अरे, बोचेल ती बसणाऱ्याला."

"बोचू दे."

"मी इतकी खपून सोफा मढवणार आणि तो बोचणार? लोक मला काय म्हणतील?"

"मॉम, प्लीज. तशीच ठेवा. तिथेच."

"का पण?"

सगळे एका सुरात, आणि गाण्याच्या वेळी आला नव्हता इतक्या चांगल्या सुरात म्हणाले, "ते सांगता येत नाही."

मी चिडले. दोन दिवस फक्त सूप वाढलं. पण स्प्रिंग ठेवली तशीच, तिथेच, आणि वर कापड ताणलं. वर्गात मला त्याबद्दल कमी गुण मिळाले.

एप्रिलात टिड्रो आले. तोच करडा सूट, धुतलेला. पोरांनी टाय बांधले होते. उमेदवार सतरंजीवर ओळीने बसले होते, वर्षभर बसून सतरंजीला खळगे पडले होते. मी दाराशी ॲप्रन मुठीत धरून उभी. माझ्या पेट्या आत अर्ध्या भरलेल्या होत्या, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

टिड्रो वळले आणि बसले. क्षणभर काही नाही. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक कळ उमटली, आणि त्या कळीमागोमाग हसू. ब्याऐंशी वर्षांचा माणूस एकदम एकोणीसचा दिसला.

"आहे," ते म्हणाले. "जागेवर आहे."

पोरांनी श्वास सोडला. टिड्रो माझ्याकडे वळले.

"बाई, ऑक्टोबरात मी इथे घर बंद करतो असं सांगायला आलो होतो. खिशात किल्ली होती. मग मी त्या कागदाच्या ढिगावर बसलो. घरी गेल्यावर बायकोने माझ्या पँटवरून कागद काढले आणि मला वाटेल ते बोलली. मी रात्रभर विचार केला. एका म्हाताऱ्याचा हिरमोड होऊ नये म्हणून ज्या घरातली पोरं बोटं सोलून कागदाचा सोफा करतात, ते घर मी बंद करू कसं? कारणच सापडेना."

"मग तेव्हाच का नाही हो सांगितलंत?" मी जवळजवळ ओरडले. "मी सहा महिने झोपले नाही!"

"सांगितलं असतं तर सोफा मढवला असतात का?"

धान्याचे व्यापारी!

"आता सांगा," ते म्हणाले, "मढवल्यावर यावर बसून कोणी पाहिलं?"

"कोणी नाही. मी हाताने दाबून पाहिलं. शपथ घेतल्याशिवाय बसायचं नाही ना."

टिड्रो उठले आणि त्यांनी जागेकडे हात केला. मी गॅरेटकडे पाहिलं. तो हसत होता, पण त्याचे डोळे भरले होते.

"अहो, मी बाईमाणूस, माझं वय..."

"बसा."

मी ॲप्रन सारखा केला, ब्रोच चाचपला आणि शक्य तितक्या मानाने बसले. ज्या जागी मी स्वतःच्या हाताने कापड ताणलं होतं त्या जागी त्या चांडाळ स्प्रिंगेने मला असा काही चावा घेतला की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. सगळी पोरं ताठ उभी राहिली. टिड्रोंनी हात छातीवर ठेवला आणि अतिशय गंभीर आवाजात विचारलं,

"बोचली का?"

"बोचली!" मी कळवळून म्हटलं.

"आम्हालाही बोचली!" सगळं घर गरजलं.

आणि लागली की कार्टी टाळ्या वाजवायला, मिठ्या मारायला, टोप्या उडवायला. मी आपली कंबर चोळत बघत राहिले.

"म्हणजे... ही शपथ? एवढीच?"

"एवढीच, मॉम," गॅरेट म्हणाला आणि त्याने मला हात देऊन उठवलं. "पण बाहेर सांगायची नाही हं. कधीच नाही. आता तुम्ही आमच्यातल्या."

त्यानंतर उमेदवार एकेक करून बसले, एकेक करून कळवळले, आणि मी पुन्हा आत जाऊन पेट्या उपसल्या. बदामी सोफा मी मार्जीनला भेट म्हणून पाठवला. तिच्या पोरांनी तो लगेच ओसरीवर मांडला, आणि मंगळवारी ड्वेन टेप घेऊन आला.

शपथ मी मोडलेली नाही. तुम्हाला सांगितलं ते घरातलं म्हणून सांगितलं. तुम्ही फक्त मार्जीनला सांगू नका.